दारावरची पाटी आणि वाढत जाणारा हप्ता

मी समुपदेशक आहे, आणि गेल्या काही वर्षांत माझ्यासमोर बसून अनेकांनी जवळजवळ एकच वाक्य उच्चारले आहे: ‘घर घेतलं, पण आता ते झेपत नाही, आणि हे कुणाला सांगताही येत नाही.’ शहरात परवडत नाही म्हणून माणसे उपनगरात घर घेतात. किंमत आवाक्यातली वाटते, कर्ज मंजूर होते, आणि राहायला गेल्यावर एकेक खर्च वर येऊ लागतो. देखभाल, कर, विमा, दुरुस्ती, दोघांच्या दोन दिशांना जाणाऱ्या नोकऱ्यांसाठी दुसरी गाडी, तिचे इंधन. या साऱ्याहून जड असते ते मौन, कारण ज्याच्याजवळ स्वतःचे घर आहे त्याने तक्रार कशी करावी, असे त्यांचे त्यांनाच वाटत असते. ही चिंता इतक्यांदा ऐकल्यामुळे एका जोडप्याची हकीकत त्यांच्या संमतीने, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून, येथे सांगते.

दोघेही चाळिशीच्या उंबरठ्यावर, मुलगा आठ वर्षांचा, घर घेऊन चार वर्षे झालेली. पैशांवरून रोज होणारी भांडणे थांबावीत म्हणून ते आले होते. पहिल्या भेटीत यजमानांनी एक फाइल उघडून माझ्यापुढे ठेवली. प्रत्येक महिन्याचा खर्च सुवाच्य अक्षरात मांडलेला होता आणि शेवटची ओळ दरवेळी लाल शाईत होती.

‘मॅडम, आमचा बदलत्या व्याजदराचा हिशेबच चुकला,’ ते म्हणाले. ‘बँकेने हप्ता वाढवला नाही, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. मुदत केवढी वाढली ते नंतर कळलं.’

हा अनुभव त्यांच्या एकट्याचा नाही. ८ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतलेल्या कर्जाचा दर सुरुवातीलाच ९ टक्के झाला आणि हप्ता मात्र तोच ठेवला, तर फेड पूर्ण व्हायला २५ वर्षांहून अधिक काळ लागतो. दर ८ टक्क्यांवरच स्थिर राहिला तरी पहिल्या हप्त्यातील सुमारे ८० टक्के रक्कम व्याजापोटी जाते आणि मुद्दल निम्मे व्हायला साडेतेरा वर्षांच्या वर लागतात. घर घेताना बहुतेकजण हप्ता पाहतात, ही वर्षे फारसे कुणी पाहत नाही. मी आर्थिक सल्लागार नाही आणि आकड्यांसाठी मी नेहमी जाणकाराकडे पाठवते. पण आकडे धड माहीत नसताना मनावर काम करणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय, असे माझे मत आहे. म्हणून पहिले दोन आठवडे मी त्यांना केवळ खरा हिशेब करून आणायला सांगितले.

दुसऱ्या भेटीत मी दोघांना एकेक कोरा कागद दिला आणि ‘या घरासाठी तुम्ही काय काय मोजता’ एवढेच लिहायला सांगितले. यजमानांनी झरझर आकडे लिहिले. त्यांच्या पत्नी बराच वेळ पेन हातात धरून बसल्या आणि मग त्यांनी एकच ओळ लिहिली: ‘आमच्या घराची गॅलरी मी उजेडात फक्त रविवारी पाहते.’

त्या सकाळी अंधारात निघत आणि अंधार पडल्यावर परतत. ज्या गॅलरीसाठी हे घर पसंत केले होते तिथे सहा दिवस फक्त कपडे वाळत. यजमानांनी ती ओळ वाचली, आपल्या कागदाकडे पाहिले आणि ते म्हणाले, ‘याचा कॉलम माझ्याकडे नाहीच.’

ब्रूनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांचा याच विषयावरचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. कामावर जाण्या-येण्यात ज्यांचा अधिक वेळ जातो त्यांना त्याची भरपाई स्वस्त घराच्या किंवा चांगल्या पगाराच्या रूपाने मिळत असेल, असे अर्थशास्त्र गृहीत धरते. जर्मनीतील माहिती तपासल्यावर मात्र त्यांना दिसले की लांबचा प्रवास करणारी माणसे आपल्या आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात, म्हणजे ती भरपाई पुरी पडत नाही. घराच्या किमतीत वाचलेले पैसे आपण मोजतो. रोजचे दोन-तीन तास कुठल्याच फाइलीत लागत नाहीत, आणि मग ते भांडणातून बाहेर पडतात.

तरीही खरी गाठ पुढेच होती. तिसऱ्या भेटीत मी विचारले, ‘हे घर काही वर्षं भाड्याने देऊन कामाजवळ राहावं, किंवा विकावं, असा विचार कधी केलात का?’

‘ते शक्यच नाही,’ यजमान म्हणाले.

‘हिशेबात बसत नाही म्हणून?’

‘हिशेब मी केलेलाच नाही, मॅडम. स्वतःच्या घरात राहायलाच हवं.’

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारसरणीवर माझी वर्षानुवर्षांची श्रद्धा आहे. माणसाला एखादी गोष्ट हवी असण्याने तो आजारी पडत नाही. त्या हवेपणाचा हट्ट झाला की तो अडकतो, हे तिचे सार. इतक्या वर्षांच्या कामानंतर माझ्या असे ध्यानात आले आहे की आपल्या भाषेत हा हट्ट बहुधा एका अक्षरात दडलेला असतो: ‘च’. ‘घर हवं’ म्हणणाऱ्या माणसाशी बोलता येते. ‘घर हवंच’ म्हणणाऱ्याशी बोलण्यापूर्वी तो ‘च’ कुठून आला ते शोधावे लागते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या तरुण समुपदेशकांना मी पहिल्या दिवशी हेच अक्षर ऐकायला सांगते, आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे.

मी त्यांना विचारले, ‘समजा, उद्यापासून तुम्ही त्या घरात राहत नाही. मग तुम्ही कोण?’

ते इतका वेळ गप्प राहिले की त्यांच्या पत्नीने काहीतरी बोलायला तोंड उघडले आणि मी हातानेच त्यांना थांबवले. अशा वेळी समुपदेशकाने शांतता भरून काढण्याचा मोह टाळायचा असतो.

‘दारावर नावाची पाटी नसलेला माणूस,’ ते शेवटी म्हणाले.

मग सारे बाहेर आले. त्यांचे लहानपण भाड्याच्या सात घरांत गेले होते आणि प्रत्येक दारावर घरमालकाचे नाव होते. शाळेच्या अर्जावर पत्ता लिहिताना ‘द्वारा’ असे लिहून आधी मालकाचे नाव घालावे लागे. वडिलांना एकदा मुदतीआधीच घर सोडायला सांगितले गेले, तेव्हा सामान रस्त्यावर असताना ते मूल एका ट्रंकेवर बसून होते. नव्या घराचा ताबा मिळण्याच्या दोन महिने आधी त्यांनी पितळी पाटी करून घेतली होती, तिघांच्याही नावांची.

‘बारा वर्षांत हे तू मला कधी सांगितलं नाहीस,’ पत्नी म्हणाल्या. ‘मला वाटत होतं, तुला लोकांना दाखवायला घर हवंय.’

त्या दिवसापासून भांडणाचा सूर बदलला. तोवर त्या पैशांबद्दल बोलत आणि यजमान ट्रंकेवर बसलेल्या मुलाच्या वतीने उत्तर देत, त्यामुळे कुणाचेच कुणाला ऐकू येत नव्हते. मी यजमानांना त्यांचे वाक्य नव्याने लिहायला सांगितले. पहिल्या दोन खेपांना ‘च’ पुन्हा डोकावला. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी जे लिहून आणले ते असे होते: ‘स्वतःचं घर असावं असं मला मनापासून वाटतं. ते आहे. काही वर्षं त्यात राहिलो नाही तरी मी रस्त्यावर येत नाही.’

अशीच चिंता असलेल्या वाचकांना मला सांगावेसे वाटते की घराचा निर्णय पुन्हा तपासणे म्हणजे तो चुकला अशी कबुली देणे नव्हे. चार वर्षांपूर्वीच्या माहितीवर तो बरोबर असू शकतो आणि आजच्या व्याजदरावर, आजच्या वेळापत्रकावर तो बदलायला हरकत नाही. आजवर भरलेले हप्ते परत येणार नाहीत, म्हणून त्यांच्या दुःखात पुढचे हप्ते ठरवू नका. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत घरावर खर्च करावा हा आकडाही दगडावरची रेघ मानू नका; अमेरिकेतील सरकारी घरांच्या भाड्यासाठी १९६९ मध्ये ही मर्यादा २५ टक्के होती आणि १९८१ मध्ये ती ३० केली गेली, म्हणजे हा धोरणाचा आकडा आहे. लांबचा प्रवास आणि दुसरी गाडी असलेल्या कुटुंबाला तेवढे टक्केसुद्धा जड जाऊ शकतात. आणि पैशांचे बोलणे रात्री थकून आल्यावर करू नका, सुट्टीच्या सकाळी करा. माझ्याकडे आलेल्या दुसऱ्या एका जोडप्याने असाच विचार करून तेच घर ठेवले आणि एक गाडी विकली. तोही निर्णय मला तितकाच नीट वाटला, कारण तो दोघांनी मिळून आणि उघड्या डोळ्यांनी घेतला होता.

या जोडप्याने आर्थिक सल्लागाराकडून दोन्ही बाजू मांडून घेतल्या. घर भाड्याने दिल्यास हप्त्याचा मोठा भाग निघत होता; कामाजवळच्या लहान घराचे भाडे द्यावे लागणार होते, पण दुसरी गाडी आणि इंधन वाचत होते. हाती उरणारी रक्कम फार मोठी नव्हती. रोजचे अडीच तास मात्र परत मिळत होते. त्यांनी तीन वर्षांसाठी ते करून पाहायचे ठरवले आणि पुन्हा कधी विचार करायचा तो महिनाही लिहून ठेवला.

किल्ली भाडेकरूंच्या हाती देण्याच्या दिवशी यजमानांना ते जमेल का, याची मला काळजी होती. पुढच्या भेटीत मी विचारले तेव्हा ते म्हणाले की पाटीचे चारही स्क्रू त्यांनी स्वतः काढले, पाटी टॉवेलात गुंडाळून मुलाच्या मांडीवर दिली आणि नव्या घरमालकाची परवानगी घेऊन त्याच संध्याकाळी ती भाड्याच्या घराच्या दारावर लावली.