युरोपातील सर्व देशांत नाताळ सारखाच साजरा होतो का? सांताक्लॉज सगळीकडे येतो का?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेच आहे. सांताक्लॉज २४ च्या रात्री भेटवस्तू ठेवून जातो आणि २५ ला सण असतो, हे मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेकडचे चित्र आहे. मी नोकरीनिमित्त गेली सात वर्षे पोलंडमधील व्रोत्स्वाफ शहरात राहतो. त्यामुळे इथले जरा सविस्तर सांगतो.

पोलंडमध्ये सणाचा खरा क्षण म्हणजे २४ डिसेंबरची संध्याकाळ. तिला 'विगिलिया' म्हणतात, आणि २०२५ पासून या दिवसाला सार्वजनिक सुट्टीही मिळाली आहे. चर्चच्या जुन्या रीतीनुसार सणाचा दिवस आदल्या संध्याकाळपासूनच सुरू होत असल्याने युरोपातील बऱ्याच देशांत याच संध्याकाळी कुटुंब एकत्र जेवते. आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत जेवायला बसायचे नसते, म्हणून मुले खिडकीशी ताटकळतात. अर्थात इथे सूर्य चारच्या आतच मावळत असल्याने त्यांचे फारसे हाल होत नाहीत. येशूचा जन्म गोठ्यात झाला याची आठवण म्हणून टेबलावरच्या पांढऱ्या कापडाखाली थोडे वाळलेले गवत पसरतात, आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचे मांडतात. पहिल्या वर्षी शेजारच्या आजींनी मला बोलावले, तेव्हा ते ताट माझेच समजून मी तिथे जाऊन बसलो होतो. 'तू बोलावलेला आहेस, तुझे ताट इकडे,' असे म्हणत त्यांनी मला उठवले.

जेवणाआधी 'ओपवातेक' हातात देतात. ही पीठ-पाण्याची, कागदाइतकी पातळ पापडी असते आणि तिच्यावर येशूजन्माचे चित्र उमटवलेले असते. प्रत्येकाने दुसऱ्याच्या पापडीचा तुकडा मोडून घ्यायचा, खायचा आणि त्याला पुढच्या वर्षासाठी शुभेच्छा द्यायच्या, असा क्रम सर्वांशी पूर्ण होईपर्यंत कोणी बसत नाही.

मग येतात बारा पदार्थ, येशूच्या बारा शिष्यांच्या संख्येइतके. परंपरेने या जेवणात मांस वर्ज्य असते, पण मासा चालतो. त्यामुळे बिटाचे आंबटसर सार, त्यात सोडलेली मशरूमच्या सारणाची इवलीशी 'उश्का' (म्हणजे कान), कोबीचे पिएरोगी (उकडलेल्या करंज्या), हेरिंग मासा आणि तळलेला कार्प मासा असा थाट पाहिला की 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हीच म्हण आठवते. कार्पचे खवले पाकिटात ठेवल्यास वर्षभर पैसा टिकतो, असे इथे मानतात. आजींनी दिलेले खवले माझ्या पाकिटात आहे. पैसा मात्र पूर्वीसारखाच जातो.

आता भेटवस्तूंविषयी. नेदरलँड्समध्ये त्या ५ डिसेंबरच्या संध्याकाळी संत निकोलस आणतो. स्पेनमधील मुले परंपरेने ६ जानेवारीची, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांची वाट पाहतात, तर इटलीत त्याच पहाटे झाडूवर बसून बेफाना नावाची म्हातारी येते. जर्मनीतील गोष्ट अधिक गमतीची आहे. संतपूजा नको म्हणून सुधारणावादी प्रोटेस्टंटांनी संत निकोलसऐवजी 'क्रिस्टकिंड', म्हणजे बाळ येशू पुढे आणला. कालांतराने तो दक्षिणेकडील कॅथलिकांच्या घरांत रुळला, आणि उत्तरेकडील प्रोटेस्टंटांकडे पांढऱ्या दाढीचा 'वाइनाख्ट्समान' आला.

तारीखही सर्वत्र एक नाही. सर्बियाचे ऑर्थोडॉक्स चर्च जुने ज्युलियन पंचांग पाळते आणि ते सध्या १३ दिवस मागे असल्याने तिथे नाताळ ७ जानेवारीला येतो. ग्रीस व रोमानियातील चर्चही ऑर्थोडॉक्सच, पण तिथे २५ डिसेंबरच पाळतात. युक्रेनने २०२३ मध्ये कायदा करून ७ जानेवारीची सुट्टी २५ डिसेंबरला आणली; त्यामागे रशियापासून वेगळे होण्याची इच्छा होती, हे उघड आहे.

पोर्तुगालचा उल्लेख मुद्दाम शेवटी करतो, कारण आपला 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीज 'नाताल'वरून आला आहे. तिथे २४ च्या रात्रीच्या जेवणाला 'कोन्सोआदा' म्हणतात आणि त्यात बटाटे व कोबीसोबत उकडलेला खारवलेला कॉड मासा असतो. हाच शब्द गोव्यात पोहोचला, पण तिथे मासा मागे पडला: नेवऱ्या, दोदोल आणि बेबिंका मांडून शेजाऱ्यांकडे जे ताट पाठवतात, त्याला गोव्यात कोन्सोआद म्हणतात.