सूत्रं पाठ होतात, टिकत नाहीत

प्रश्न : ताई, मी सिडकोत घरीच आठवी-नववीच्या शिकवण्या घेते. पृष्ठफळ-घनफळाचा धडा आला की मुलं सगळी सूत्रं घडाघडा म्हणतात, आणि पेपरात वृत्तचितीच्या घनफळाला टू पाय आर एच लिहून येतात. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अगं, माझ्याही वर्गात दरवर्षी हेच व्हायचं. आधी तो सूत्रांचा तक्ता भिंतीवरून काढ. मग एक सवय लाव, सूत्र लिहिलं की त्यात किती लांब्या गुणल्यात ते मोजायचं. टू पाय आर एचमधे दोनच, आर आणि एच, म्हणजे चौरस सेंटिमीटर, म्हणजे डब्याला बाहेरून चिकटवायचा कागद झाला तो. आत काय मावतं ते हवं तर तीन लागतात, आर, आर आणि एच. पोरं आपली चूक आपणच पकडायला लागतात. आणि चिती कुठलीही असो, तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची, त्यासाठी तीन वेगळी सूत्रं कशाला?

शंकूचं घनफळ तेवढ्याच तळाच्या नि उंचीच्या वृत्तचितीच्या एक तृतीयांश, हे मात्र हाताने ओतल्याशिवाय पटत नाही. मी पहिल्यांदा स्टीलचा पेला घेतला नि फसले, तो खाली निमुळता असतो ना, तिसरा शंकू ओतताना तांदूळ टेबलभर, पोरं जाम खूश. त्यामुळे दोन्ही कार्डशीटचेच कर. १० सेंमी त्रिज्येचं वर्तुळ कापायचं, त्यातली १४४ अंशांची फोड काढून टाकायची, उरलेल्याच्या कडा एकमेकींवर न चढवता टेपने जोडायच्या, की तळाची त्रिज्या ६ आणि उंची ८ चा शंकू तयार, पायथागोरसची उजळणी फुकटात. वृत्तचितीला ३७.७ सेंमी लांब, ८ सेंमी रुंद पट्टी गुंडाळ आणि बूड लाव. बरोब्बर तीन शंकू मावतात (थोडे दाणे इकडेतिकडे, चालतं).

गोलाच्या पृष्ठफळाला संत्रं सोल. तेवढ्याच त्रिज्येची वर्तुळं काढून साल पसरली की साधारण चार भरतात. भास्कराचार्यांनी लीलावतीत ११५० साली हे चौपटच सांगितलंय, आपल्या शेजारच्या खानदेशाशी नातं सांगतात त्यांचं, पोरांना सांग, कान टवकारतात.

निफाडकडची मुलं असतील तर शेततळ्याचं गणित दे, पण इष्टिकाचिती धरू नकोस, बाजू उतरत्या असतात. मी एकदा वरच्या मापाने फळ्यावर सोडवत होते तर मागच्या बाकावरून आवाज आला, बाई, एवढं पाणी नसतं त्यात.