ड्रायव्हरच्या फिक्समधलं एरर हँडलिंग रिव्ह्यू करताना नेमकं काय बघायचं?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीच्या ऑफिसात नवीनच लागलात आणि लिनक्स कर्नल ड्रायव्हरचा (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडचा) छोटा फिक्स रिव्ह्यूला आलाय. प्रोबमधलं (डिव्हाइस सुरू करणाऱ्या फंक्शनमधलं) शेवटचं रजिस्ट्रेशन फसलं की डिव्हाइसचं क्लॉक चालूच राहायचं, म्हणून थेट ‘रिटर्न’च्या जागी आवराआवरीच्या ओळींवर उडी मारणारा ‘गोटो’ घातलाय. पॅच बरोबर दिसतो, मग शोधायचं काय?

दिसणारच बरोबर. पॅचमध्ये बदलाच्या वरखालच्या तीन-तीन ओळीच दिसतात, आणि घोळ बहुतेक वेळा त्याबाहेर असतो. ठाणे-पनवेल लोकलमध्ये उभ्या-उभ्या मोबाइलवर पॅच वाचून ओके देणाऱ्यांवर माझा काडीचाही भरवसा नाही. पूर्ण फाइल उघडा. प्रत्येक कॉलपाशी थांबा: हा इथे फसला तर आत्तापर्यंत हातात काय काय आहे, आणि ते कोण, कोणत्या क्रमाने सोडणार?

तुम्ही दिलेल्या कोडमध्ये आधी क्लॉक हाताने चालू केलंय, मग इंटरप्ट (हार्डवेअरने लक्ष वेधायला दिलेला सिग्नल) ‘डेव्हएम’ने, म्हणजे घेतलेलं कर्नल स्वतःच सोडतो अशा फंक्शनने, घेतलाय. नवा गोटो क्लॉक लगेच बंद करतो. इंटरप्ट मात्र प्रोब एरर घेऊन परतल्यावर सुटतो. मधल्या फटीत इंटरप्ट आला की त्याला उत्तर देणारा हँडलर क्लॉक बंद असलेल्या हार्डवेअरचं रजिस्टर वाचायला जातो, आणि काही चिप्सवर अख्खी सिस्टीम तिथेच हँग होते. क्लॉक चालू राहायचं ते लीक गेलं, हँग आलं. आगीतून फुफाट्यात! क्लॉकही डेव्हएमनेच घ्यायला सांगा, म्हणजे दोन्ही घेतल्याच्या उलट क्रमाने आपोआप सुटतील. मग ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या रिमूव्हमध्ये हाताने क्लॉक बंद करणारी ओळ काढायलाच हवी, नाहीतर ते दोनदा बंद होईल. ती ओळ काढायला लोक हमखास विसरतात.

रनटाइम पीएम (वापर नसताना डिव्हाइस झोपवणारी व्यवस्था) असेल तर डिव्हाइस जागं करणारा ‘गेट_सिंक’ बघा. तो फसला तरी वापराचा काउंटर वाढवून ठेवतो. म्हणून 2020 मध्ये ‘रिझ्यूम_अँड_गेट’ आलं, ते वापरायला सांगा. आणि खालून आलेला एरर कोड बदलून कोणी ‘ईइन्व्हॅल’ (चुकीचं आर्ग्युमेंट) परत करत असेल तर अडवा. तो कोड उणे 517, म्हणजे ‘ईप्रोब_डिफर’ (अजून तयारी नाही, नंतर प्रोब करा) असू शकतो. तो गिळला की कर्नल पुन्हा प्रोब करून बघतच नाही.

टेस्टिंगला अनबाइंड-बाइंड (ड्रायव्हर डिव्हाइसपासून सोडवून पुन्हा जोडणं) करून भागत नाही, त्यात एररची वाट चालतच नाही. रजिस्ट्रेशनच्या जागी तात्पुरता उणे एरर ठोकून द्या आणि बोर्ड बूट करा. पॅच पाठवणाऱ्याने हे केलं होतं का, एवढं मेलमध्ये विचारलंत तरी पुढचा अर्धा रिव्ह्यू त्याच्या उत्तरातच मिळेल.