घरचं भांडण झक्कास, व्हिलन पाणचट

मागच्या अंकात एका वाचकाने "पावसात घरी बसून बघण्यासारखं काहीतरी सुचवा" म्हणून विचारलं होतं आणि मी मिस मार्व्हल या सुपरहिरो मालिकेच्या पहिल्या सीझनचं नाव देऊन "पहिले दोन भाग बघाच, पुढचं आपल्या जबाबदारीवर" असं लिहून मोकळी झाले. त्यावर अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत पत्रं आली, त्यातली निम्मी तरी रागावलेली. म्हणून यावेळी सगळं सदर त्यालाच देतेय. ज्यांनी बघितलीच नाही त्यांच्यासाठी एवढंच, की एकूण सहा भाग आहेत, ८ जून ते १३ जुलै २०२२ दर बुधवारी एक असे आले. अमेरिकेत जर्सी सिटीत राहणारी, पाकिस्तानी घरातली सोळा वर्षांची कमला खान, कॅप्टन मार्व्हल या सुपरहिरो बाईची कट्टर फॅन, आजीने कराचीहून पाठवलेलं एक जुनं कडं हातात घालते आणि हातातून प्रकाश बाहेर पडायला लागतो. पुढे सगळं फोडलंय, त्यामुळे ज्यांना स्वतः बघायचंय त्यांनी पान उलटा.

ताई, तुम्ही दोन ओळीत पूर्ण सीझन उडवून लावलात हे काही पटलं नाही. मी आणि माझ्या मित्रांनी दोनदा बघितलाय. मार्क किती द्याल आणि का कापाल ते तरी नीट सांगा.
– कॉलेजचा विद्यार्थी, रत्नागिरी

अरे उडवून कुठे लावला, दहापैकी साडेसहा देते मी. आणि ते साडेसहा जवळजवळ सगळे खानांच्या घरात मिळालेत, बाहेरच्या मारामारीत नाही.

पहिला भाग आठव. पोरगी ड्रायव्हिंग टेस्टला सपशेल आपटते, आणि अ‍ॅव्हेंजरकॉनला, म्हणजे सुपरहिरोंच्या चाहत्यांच्या मेळाव्याला जायचं तर घरून परवानगी नाही. मग आईबाबा आपसात ठरवून तोडगा काढतात की जा, पण बाबांबरोबर जा, आणि बाबा खोलीत येतात ते तोंडाला हिरवा रंग फासून, हल्क बनून, आणि कमलासाठी तसलाच हिरवा सलवार-कमीज. त्या माणसाच्या चेहऱ्यावर केवढा आनंद असतो बघ, त्याला वाटतंय आपण पोरीचं मन जिंकलं. आणि ती म्हणते की हे लाजिरवाणं आहे. बस, त्या हिरव्या रंगाच्या आड त्याचा चेहरा जो पडतो ना, त्यासारखा सीन अख्ख्या सीझनमध्ये दुसरा नाही. कोणी ओरडत नाही, कोणी दार आपटत नाही, पण बघणाऱ्याला कळतं की आता ही गुपचूप जाणार आणि जाताना हिला वाईटही वाटत राहणार. टीनएजर सुपरहिरोची खरी मारामारी ही असते, परवानगीची. त्यात दिग्दर्शक आदिल एल अर्बी आणि बिलाल फल्लाह यांनी मोबाइलवरचे मेसेज दुकानांच्या निऑन पाट्यांमध्ये दाखवलेत, सायकलवरून जाताना मागच्या भिंतीवरची चित्रं हलतात, म्हणजे पोरीच्या डोक्यातलं रस्त्यावर उतरलंय. आता मला सांग, चौथ्या भागानंतर ती मजा किती उरली? जवळपास गायबच.

आता साडेतीन कापले ते कुठे. व्हिलन. नजमाबाई आणि त्यांची गँग दुसऱ्या भागाच्या शेवटी येते, तिसऱ्यात बसून आपली कर्मकहाणी सांगते की आम्ही दुसऱ्या दुनियेतले, लोक आम्हाला जिन म्हणतात, परत जायचंय, तुझं कडं लागेल. ठीक आहे. फाळणीच्याही आधीपासून या वाट बघतायत, इतकी वर्षं थांबल्या, आणि कमला म्हणाली जरा विचार करते, धोका आहे का ते तपासते, तर यांना तेवढाही धीर निघेना, थेट भावाच्या लग्नात घुसून राडा! म्हणजे लेखकाला तिसऱ्या भागात मारामारी पाहिजे होती म्हणून बाईला घाई झाली, दुसरं काही कारण नाही. चौथ्या भागात ही बाई पोटच्या पोराला तुरुंगात मागे टाकून पळते आणि पाचव्यात कमलाच्या दोन वाक्यांवर तिचं मन पालटतं आणि जीवच देते. इतक्या पटकन तर आमच्याकडे वाडीतल्या गडग्याचं भांडणही मिटत नाही.

सहा भागांत जर्सीचं घर, जिन लोक, कराची, फाळणी, वर शक्तीवाल्यांच्या मागावर असलेल्या डॅमेज कंट्रोल खात्याची सरकारी माणसं, एवढं सगळं कोंबलं की कोणीतरी चेंगरणारच. इथे व्हिलन चेंगरला.

आमच्या चेडवान माका बसवून सगळे भाग दाखवल्यान. माका तो बापूस आवडलो, बाकीचा काय समाजला नाय. त्या पोराक शक्ती नक्की खयसून मिळता? कड्यातसून काय रक्तातसून?
– एक बापूस, कुडाळ

माकाय तोच आवडलो! ते मोहन कपूर. तुमच्या वयाच्या लोकांनी चेहरा ओळखला असणार, नव्वदच्या दशकात झी टीव्हीवर साप-सीढी हा गेम शो घ्यायचे तेच.

शक्तीचं म्हणाल तर मालिका स्वतःच दोन उत्तरं देते. आधी सांगते की पणजी आयेशा दुसऱ्या दुनियेतली, तिचा अंश कमलात आहे, कड्याने फक्त कुलूप उघडलं. आणि शेवटच्या भागात मित्र ब्रूनो म्हणतो की तुझ्या जीन्समध्ये काहीतरी वेगळंच आहे, म्युटेशनसारखं, आणि मागे एक्स-मेनची, म्हणजे मार्व्हलच्या जन्मजात शक्ती असलेल्या म्युटंट हिरोंची धून वाजते. म्हणजे रक्तातसून, पण ते पुढच्या सिनेमांच्या सोयीसाठी आयत्या वेळी घातलेलं. कॉमिक्समध्ये हे सगळं वेगळं होतं बरं का. २०१४ साली कमलाचं स्वतःचं कॉमिक सुरू झालं, जी. विलो विल्सन लेखिका, त्याच्या पहिल्या खंडाला २०१५ चा ह्यूगो हा सायन्स फिक्शनचा मोठा पुरस्कार मिळाला. त्यात तिचं अंगच ताणतं, हात मोठे होतात, रूप बदलतं, आणि पहिल्यांदा शक्ती येते तेव्हा ती चक्क गोरी, सोनेरी केसांची कॅप्टन मार्व्हल होऊन बसते. आपलं शरीर आपल्याला परकं वाटायचं वय ते, त्यावर याहून नेमकी शक्ती कोणाला सुचणार. मालिकेत त्याचा प्रकाश केला, दिसायला छान, पण अर्थ पातळ झाला. जुने वाचक चिडले ते उगीच नाही.

अजून एक, तुम्ही कुडाळचे म्हणून सांगते. आपल्याकडे जत्रेत दशावतारात रात्री जो राजा होऊन तलवार परजतो तो सकाळी कोणाच्या तरी बागेत कामाला असतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं आणि त्याने राजाचा रुबाब तसूभरही कमी होत नाही. अमेरिकन सुपरहिरोला मात्र सगळा जीव ओळख लपवण्यात घालवावा लागतो. मिस मार्व्हलने हा नियम मोडला. कराचीत आईला कळतं, शेवटच्या भागात कमला मोठा आव आणून घरच्यांना सांगायला जाते तर आईने आधीच सगळ्यांना सांगून टाकलेलं असतं, आणि पोशाखसुद्धा आईच हातात देते. तुमका बापूस आवडलो, पण सीझन आईचा आहे. झेनोबिया श्रॉफने ती आई काय सुंदर केलीय.

ताई, माझ्या आजीची सख्खी बहीण फाळणीनंतर कराचीला गेली ती कायमची. आजी होती तोवर पत्रं यायची. त्यामुळे पाचवा भाग बघताना घरात सगळे गप्प झाले. पण माझा भाऊ म्हणतो, हा इतिहास म्हणजे नुसती सजावट आहे. तुम्हाला काय वाटतं?
– वाचक, दापोली तालुका

तुमच्या भावाचं म्हणणं चौथ्या भागाला लागू पडतं, पाचव्याला नाही, असं मला वाटतं. चौथ्यात कराची म्हणजे रिक्षा, बाजार, पाठलाग. ते शूटिंगही कराचीचं नाही, थायलंडमध्ये झालं. फरहान अख्तरला आणलं आणि त्याच भागात मारलं, तो माणूस कोण होता हे कळायच्या आत. पण त्याच भागात आजी सना एक साधं बोलून जाते, की पासपोर्ट पाकिस्तानचा आणि मुळं भारतात, मधे ती रक्ताने काढलेली रेघ. तुमच्या आजीच्या बहिणीने हेच वेगळ्या शब्दांत लिहिलं असेल कधीतरी.

पाचवा भाग शर्मीन ओबेद-चिनॉय यांचा, त्या स्वतः कराचीच्या, त्यांच्या माहितीपटांना दोन ऑस्कर मिळालेत. तिथे कड्यामुळे कमला थेट १९४७ च्या स्टेशनवर पोचते आणि गर्दीतून चालत राहते. आपण सुपरहिरोची मालिका बघतोय हे विसरायला होतं. मग हरवलेल्या लहानग्या सनाला वडिलांपर्यंत नेणारी जी ताऱ्यांची वाट घरात इतकी वर्षं गोष्ट म्हणून सांगितली जायची, ती नातीनेच काढलेली निघते. शक्ती कशासाठी वापरली तर एका पोरीला गाडीत बसवायला. कोणाला हरवायला नाही. मला तरी ही सजावट वाटत नाही. फक्त अर्ध्या भागातच उरकलं, लगेच परत आजच्या कराचीत तो दोन दुनियांमधला प्रकाशाचा पडदा आणि स्फोट, याचा राग मलाही आहे.

आणि भावाला एक सांगा, कराची आपल्याला वाटते तितकी लांबची नव्हती. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होतं. कराचीत अजूनही एन.जे.व्ही. शाळा आहे, त्यातलं पूर्ण नाव नारायण जगन्नाथ वैद्य, आपला मराठी माणूस, सिंधमधली ती पहिली सरकारी शाळा, १८५५ ची. तेव्हा आजीकडे आलेली ती पत्रं जपून ठेवा, आणि कोणाला उर्दू नीट वाचता येत असेल तर आत्ताच बसून वाचून घ्या.

माझी मुलगी आठवीत आहे. ही मालिका बघून "कमलापण खिडकीतून गेली होती" असं मला ऐकवते. असल्या मालिका मुलींना घरी खोटं बोलायला शिकवतात असं तुम्हाला वाटत नाही का?
– एक आई, गुहागर

नाही वाटत. खोटं बोलायला आठवीतल्या कोणालाच मालिका लागत नाही हो, आपल्याला तरी कुठे लागली होती. पण तिने उदाहरण दिलंय तर तुम्हीही द्या. कमला गुपचूप गेली त्या रात्री त्या कॉनमध्ये काय धिंगाणा झाला आणि परत आल्यावर आई खोलीत बसलेली असते, तो सीन तिच्या शेजारी बसून बघा. काही बोलू नका. आणि हल्कचा सीन तर दोघींनी बघाच, कारण तिथे आईबाबांची चूक नाही आणि मुलीचीही नाही.

ताई, मी अकरावीत आहे. कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी एका सीझनचं परीक्षण लिहायचंय. सगळे स्टोरीच लिहितात. सीझनचं परीक्षण म्हणजे नक्की काय लिहायचं? आणि काकाने मला जुनं स्मॉलव्हिल बघायला सांगितलंय, ते फारच स्लो वाटतंय.
– विद्यार्थिनी, मालवण

स्टोरी चार ओळीत संपव. पहिला भाग आणि शेवटचा भाग लागोपाठ बघ, मधले सोडून, आणि मग विचार की ही मुलगी बदलली कुठे. ज्या भागात बदलली तो भाग घट्ट धरून लिही, बाकीच्यांना हात लावला नाहीस तरी चालेल. मिस मार्व्हलमध्ये माझ्या मते तो पाचवा, तुला दुसरा वाटला तर दुसरा, पण सीन सांग, कोण कुठे उभं होतं, काय म्हणालं ते सांग. "अभिनय उत्तम, संगीत छान" हे वाक्य दिसलं की मी तरी पुढे वाचत नाही.

स्मॉलव्हिल बघच पण, काका बरोबर सांगतोय. २००१ ते २०११, दहा सीझन, २१७ भाग, त्यातल्या पहिल्याच सीझनचे एकवीस. सुपरमॅन शाळेत असतानाची गोष्ट, आणि करणाऱ्यांनी नियम घातला होता की हा मुलगा उडणार नाही आणि तो पोशाखही घालणार नाही, तो एखाददुसरा अपवाद सोडला तर शेवटच्या भागापर्यंत पाळला. पहिल्या सीझनमध्ये दर आठवड्याला उल्केच्या हिरव्या दगडाने बिघडलेला एक नवा माणूस, तेच ते, कंटाळा येतो हे खरंच. पण त्या कंटाळ्याच्या मधल्या जागेत क्लार्क, म्हणजे आपला सुपरमॅन, आणि लेक्सची मैत्री अशी हळूहळू पिकते की पुढे हे वैरी होणार हे माहीत असूनही वाटतं, नको रे बाबा. नजमाला ही जागाच मिळाली नाही. हवं तर तुझ्या परीक्षणाचा विषयच हा घे, एकवीस भागांचा व्हिलन आणि सहा भागांचा व्हिलन. माझं नाव नको घालू फक्त.

मासेमारीची बंदी सुरू आहे, होडी वर काढलेली, त्यामुळे सगळं बघून संपलं. दुसरा सीझन आहे का? नसेल तर पुढे काय बघू? लहान मुलगा सात वर्षांचा, त्याला दाखवू का?
– वाचक, हर्णै

दुसरा सीझन आलेला नाही. कमला पुढे २०२३ च्या 'द मार्व्हल्स' सिनेमात आहे, तिथेही खान कुटुंबच सगळ्यात जास्त हसवतं, बाकी गडबडगुंडा. इमान वेल्लानीसाठी बघा, तिचं पहिलं काम म्हणजे ही मालिका आणि पोरगी कॅमेऱ्यासमोर जन्मल्यासारखी वावरते. सात वर्षांच्या मुलाला पहिले तीन भाग बिनधास्त दाखवा, हिंदीत आहेत. चौथ्यात माणूस डोळ्यांदेखत मरतो, पाचव्यात स्टेशनवर पणजीला सुरा लागतो, ते तुम्ही आधी बघून ठरवा. आणि लाइट जायच्या आत डाउनलोड करून ठेवा, जुलै आहे.