वाचकांचे प्रश्न : वहाळाकाठचं नारिंगी फुलांचं झुडूप

प्रश्न : आमच्या गावी (ता. संगमेश्वर) वहाळाच्या काठावर पुरुषभर उंचीचं झुडूप आहे. बुडातूनच चार-पाच फांद्या निघाल्यात. कोवळी पानं तांबूस, खाली लोंबणारी. मार्चमध्ये चार पाकळ्यांच्या नारिंगी फुलांचे गुच्छ, नंतर लांब चपट्या शेंगा. कोणी बकोरा म्हणतं, कोणी करंज. नक्की काय?

उत्तर : शेंगा धरल्या म्हणजे बकोरा बाद, त्याला गोल फळं येतात आणि पानं साधी, समोरासमोर असतात. करंजाची शेंग आखूड, बहुधा एका बीची, आणि फुलं पांढरट-जांभळी. राहिला सीतेचा अशोक, शास्त्रीय नाव सराका असोका. तरी खात्री करून घ्या.

आधी पान. पर्णिकेलाच (एका संयुक्त पानाच्या छोट्या भागालाच) पान समजण्याची चूक नेहमी होते. जिच्या बगलेत, म्हणजे देठ जिथे जोडला जातो त्या कोनात, कळी नाही ती पर्णिका. कळी सापडेपर्यंत देठ मागे शोधत जा. अशोकाच्या पानात पर्णिकांच्या साधारण तीन ते सहा जोड्या असतात आणि टोकाला एकटी पर्णिका नसते. करंजाला ती असते.

मग एक फूल उभं चिरा. तुम्ही मोजलेल्या चार ‘पाकळ्या’ पाकळ्या नाहीतच, ती निदलं आहेत, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणारी दलं. अशोकाला पाकळ्या नसतात. फुलाखाली दोन छोटी रंगीत पानं चिकटलेली दिसतील. पुंकेसर लांब, बाहेर आलेले, बहुधा सात-आठ, बकोऱ्याला चारच. अशोकाचे गुच्छ जुन्या, निष्पर्ण लाकडावरही येतात.

झुडपासारखा आकार मात्र संशयास्पद आहे. हा खरा मध्यम उंचीचा वृक्ष. बुडाशी माती सारून पाहा, जुना तोडलेला खुंट सापडण्याची शक्यता मोठी. सालीसाठी झाड पाडलं की खुंटाला असे फुटवे येतात. म्हणूनच रानातला अशोक दुर्मीळ झालाय. (रोपवाटिकेत ‘अशोक’ म्हणून मिळणारा उंच, नागमोडी पानांचा तो आसुपालव, सीताफळाच्या कुळातला, शेंगवर्गातला नव्हे.)

रोपं करायची तर शेंग झाडावर पिकून तडकू लागली की बी काढा आणि त्याच आठवड्यात पेरा. आडवं ठेवून बोटाच्या पेराएवढी माती ओढा. वाळवून डब्यात ठेवलेलं बी उगवत नाही. लोक नेमकं तेच करतात आणि मातीला दोष देतात.

आम्हाला फोटो पाठवाल तेव्हा बगलेतल्या कळीसह अख्खं पान, चिरलेलं फूल आणि शेंग असू द्या. फोटोतली ठिकाणाची नोंद आधी काढून टाका. साल नेणाऱ्यांनाही फोटो पाहता येतात.