सर्व्हरवरची फाइल, आपला एडिटर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (इचलकरंजीहून एक वाचक): ताई, नमस्कार. मी आणि माझा भाऊ मिळून आसपासच्या कारखान्यांच्या, शाळांच्या वेबसाइट बघतो. सगळ्यांचं सामान एकाच भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर आहे. एक ओळ बदलायची तरी एफटीपीने फाइल खाली घ्या, बदला, परत वर टाका, आणि मधेच भावाने तीच फाइल बदललेली असली की त्याचं काम गेलं, मग घरात भांडण. व्हीएस कोड या एडिटरमधून सरळ सर्व्हरवरची फाइल उघडता येते असं कळलं म्हणून एक्स्टेन्शन टाकलं, पण सारखा पासवर्ड मागतं, शेवटी कंटाळून सोडलं. नीट कसं लावायचं? मशीन विंडोजचं आहे.

उत्तर: एक्स्टेन्शन बरोबर आहे, क्रम उलटा झालाय. एडिटरला हात लावायच्या आधी एसएसएच, म्हणजे सर्व्हरशी सुरक्षितपणे जोडून घ्यायची पद्धत, लावून घ्यायचं, कारण व्हीएस कोड असो, इमॅक्स असो, विम असो, सगळे एडिटर तिकडे जातात ते एसएसएचनेच. पॉवरशेलमध्ये एसएसएच आणि पुढे सर्व्हरचं छोटं नाव टाइप करून काही न विचारता आत जाता आलं की एडिटरचं काम निम्मं झालं समजा. आणि तिथेच अडलं तर एडिटरच्या सेटिंगमध्ये कितीही उकरलं तरी काही निघणार नाही.

एफटीपी मात्र आजच बंद करा. साधं एफटीपी पासवर्ड उघडाच पाठवतं, वाटेत कोणी बसलं असेल तर सरळ वाचता येतो. एसएसएच मुळात निघालं तेच ह्यासाठी. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी असेच पासवर्ड गोळा केले आणि ते प्रकरण बघून तिथल्या तातू इलोनेन यांनी एसएसएचची पहिली आवृत्ती लिहिली.

आता कामाचं. विंडोज १० मध्ये २०१८ पासून एसएसएच आतच येतं, पुट्टीसारखा वेगळा प्रोग्रॅम नको. पॉवरशेलमध्ये एसएसएच-कीजेन चालवा, प्रकार ईडी२५५१९ द्या (इथे देवनागरीत छापतोय, टाइप करताना अर्थातच रोमन). किल्लीच्या दोन फाइली तयार होतात, त्यातली शेवटी डॉट पब असलेली सर्व्हरवर द्यायची, दुसरी मशीनच्या बाहेर जाऊ द्यायची नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर भावालासुद्धा पाठवायची नाही. भावाने स्वतःची वेगळी किल्ली काढायची, म्हणजे उद्या त्याचा लॅपटॉप चोरीला गेला तर सर्व्हरवरून त्याची एक ओळ खोडली की झालं, तुमचं काम चालू. किल्लीला पासफ्रेज, म्हणजे तिचा स्वतःचा पासवर्ड, द्याच, आणि तो सारखा विचारू नये म्हणून विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये ओपनएसएसएच ऑथेंटिकेशन एजंट नावाची सर्व्हिस असते ती चालू करा, मुळात ती बंदच येते, मग एकदा एसएसएच-अ‍ॅड कमांडने किल्ली तिला दिली की पुढे शांतता.

लिनक्सवाल्यांना पब फाइल सर्व्हरवर टाकायला एसएसएच-कॉपी-आयडी असते, विंडोजवर ती नाही, म्हणून पब फाइलीतली ती एक लांबलचक ओळ कॉपी करून सर्व्हरवर तुमच्या होममधल्या डॉट एसएसएच फोल्डरात ऑथोराइज्ड कीज नावाच्या फाइलीत चिकटवा, मधे कुठे ओळ तुटता कामा नये. मग परवानग्या. डॉट एसएसएच फोल्डर ७०० आणि ती फाइल ६००, म्हणजे दोन्ही फक्त मालकासाठी, आणि होम फोल्डरमध्ये बाकीच्यांना लिहायची मुभा नको. ही गोष्ट लोक हमखास विसरतात आणि मग चार तास डोकं धरून बसतात, कारण परवानग्या सैल दिसल्या की सर्व्हर गुपचूप किल्लीकडे दुर्लक्ष करतो आणि पुन्हा पासवर्डच मागतो. तुमच्याकडे का ते काही सांगत नाही, कारण फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहिलेलं असतं.

शेवटी तुमच्या विंडोजवरच्या डॉट एसएसएच फोल्डरात कॉन्फिग नावाची फाइल करा, तिला डॉट टीएक्सटी असं शेपूट लागू देऊ नका, नोटपॅड ते चिकटवतंच. आत होस्ट म्हणून छोटं नाव, उदाहरणार्थ दुकान, त्याखाली होस्टनेममध्ये आयपी, यूझर, किल्लीची फाइल आणि सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६०, म्हणजे चहाला गेलात तरी कनेक्शन मरत नाही. इंटरनेटवर ठिकठिकाणी कंट्रोलमास्टरचा सल्ला दिसेल, एकच कनेक्शन पुन्हापुन्हा वापरायचं, फार छान सोय आहे पण विंडोजच्या एसएसएचमध्ये ती चालत नाही, उगाच खटपट करू नका.

आता व्हीएस कोडमध्ये रिमोट एसएसएच या एक्स्टेन्शनने जोडायला गेलात की कॉन्फिगमधलं "दुकान" यादीत आपोआप दिसेल. मायक्रोसॉफ्टने हे २०१९ च्या मे महिन्यात आणलं आणि त्याची चाल बाकीच्यांपेक्षा वेगळी आहे. नवरा नोकरीला पुण्यात आणि संसार गावाला, तसं ते निम्मं इकडे निम्मं तिकडे राहतं. खिडकी, रंग, फॉन्ट तुमच्या मशीनवर, पण फाइल वाचणं, शोधणं, टर्मिनल आणि बहुतेक एक्स्टेन्शन सर्व्हरवर चालतात, त्यासाठी ते तिकडे डॉट व्हीएसकोड-सर्व्हर नावाचा फोल्डर करून स्वतःचा एक प्रोग्रॅम टाकतं. म्हणून पीएचपीचं एक्स्टेन्शन तुमच्याकडे असलं तरी ते तिकडे पुन्हा इन्स्टॉल करायला सांगेल, ते बिघडलेलं नाही. आणि म्हणूनच सर्व्हरला मेमरी लागते, किमान १ जीबी, बरं चालायला २ जीबी. तुमचा सर्व्हर सगळ्यात स्वस्त प्लॅनवरचा असेल आणि त्यावर डेटाबेसही असेल तर आधी फ्री कमांडने किती मेमरी उरलीय ते बघा, नाहीतर तुम्ही एडिटर जोडताय आणि तिकडे शाळेची साइट बसतेय.

फोल्डर उघडताना एकाच साइटचा फोल्डर उघडा. सगळा सर्व्हर दिसावा म्हणून मूळ स्लॅशच उघडणारे लोक मी बघितलेत, मग एडिटर हजारो फाइलींवर नजर ठेवायला जातो आणि मोठ्या वर्कस्पेसवर लक्ष ठेवता येत नाही म्हणून तक्रार करतो.

एक अडचण येणारच. एनजिनएक्सची, म्हणजे वेबसर्व्हरची, सेटिंग फाइल उघडेल पण सेव्ह होणार नाही, परवानगी नाही म्हणेल, कारण ती रूटची, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याची, आहे. त्यावर रूटनेच लॉगिन करा असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. व्हीएस कोडच्याच खालच्या टर्मिनलमध्ये एडिटर व्हेरिएबलमध्ये कोड आणि त्यापुढे दोन डॅश देऊन वेट एवढं ठेवा आणि सुडोएडिटने ती फाइल उघडा. ती तुमच्या नावाने तात्पुरती प्रत उघडते, तुम्ही सेव्ह करून टॅब बंद केला की मूळ जागी नेऊन ठेवते. साइटच्या स्वतःच्या फाइलींना मात्र हे करत बसू नका, तिथे मालकी नीट लावून घ्या.

भावाचं काम पुसलं जाण्याचं म्हणाल तर थोडं सुटेल, पूर्ण नाही. तुम्ही उघडल्यानंतर त्याने फाइल बदलली असेल तर सेव्ह करताना व्हीएस कोड सांगतो की डिस्कवरची फाइल नवी आहे, तेव्हा घाईत ओव्हरराइट दाबलं की झालं कल्याण. दोघं एकाच साइटवर असाल तर गिट, म्हणजे कोणी काय बदललं त्याची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम, लावा, चालू साइटवर थेट लिहिणं ही फोन नंबर बदलण्याएवढ्या कामापुरतीच ठेवायची गोष्ट आहे असं माझं मत.

प्रश्न (पुण्याहून एक संशोधक विद्यार्थिनी): आमच्या विभागाच्या क्लस्टरवर, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या गणितांसाठी जोडलेल्या मशीनवर, सेंटओएस ७ हे जुनं लिनक्स आहे. व्हीएस कोड अपडेट झालं आणि तेव्हापासून जोडतच नाही, होस्ट चालत नाही म्हणतं. अ‍ॅडमिन सर म्हणतात मशीन अपग्रेड होणार नाही. मी काय करू?

उत्तर: तुझी काही चूक नाही आणि तुझ्या लॅपटॉपचीही नाही. वर सांगितलं तसं व्हीएस कोड स्वतःचा प्रोग्रॅम तिकडे चालवतं आणि त्याला जीलिबसी ही मूळ लायब्ररी २.२८ किंवा त्याच्या पुढची लागते, सेंटओएस ७ वर ती २.१७ आहे. २०२४ च्या सुरुवातीला व्हीएस कोडच्या १.८६ आवृत्तीत ही अट आली तेव्हा जगभरात ओरड झाली, मग त्यांनी वर्षभर मुदत दिली, ती संपल्यावर २०२५ मध्ये १.९९ पासून दार बंद. उबुंटू १८.०४ वाल्यांचंही तेच, तिथे २.२७ आहे, एका आकड्याने हुकलं.

थिसिस तोंडावर असेल तर १.९८ टाकून ऑटो अपडेट बंद कर, चालेल, पण सुरक्षेचे अपडेटही थांबतात म्हणून हा तात्पुरता उपाय. त्यापेक्षा मला एसएसएचएफएस बरं वाटतं, त्यात क्लस्टरवरचा तुझा फोल्डर तुझ्या लॅपटॉपवर (तो लिनक्सचा असेल तर) साधा फोल्डर असल्यासारखा जोडला जातो, तिकडे एसएफटीपी चालू असलं की पुरे, नवीन काही टाकावं लागत नाही. जोडताना रिकनेक्ट हा पर्याय दे, नाहीतर वायफाय एकदा गेलं की फोल्डर उघडणारी प्रत्येक खिडकी गोठते. मोठ्या फोल्डरात शोध मात्र त्यावर रडतखडत चालतो, शोधायचं काम टर्मिनलमध्ये ग्रेपने कर. आणि विम येत असेल तर टीमक्समध्ये तिकडेच उघडून बस, नेट गेलं तरी सत्र जिवंत राहतं, परत येऊन जोडून घ्यायचं.

अजून एक, क्लस्टरचा लॉगिन नोड, म्हणजे आत शिरायचं मशीन, सगळ्यांचा असतो. तुझ्या मैत्रिणी व्हीएस कोड वापरत असतील तर काम संपल्यावर कमांड पॅलेटमधून किल व्हीएस कोड सर्व्हर ऑन होस्ट चालवायला सांग. आणि होमचा कोटा भरला की आधी तो डॉट व्हीएसकोड-सर्व्हर फोल्डर बघायचा.

प्रश्न (डोंबिवलीहून एक वाचक): मी जुना इमॅक्सवाला. ट्रॅम्पने, म्हणजे त्यातल्या दूरच्या फाइली उघडायच्या सोयीने, फाइल उघडली की नव्या सर्व्हरवर नुसतं थांबून राहतं, कंट्रोल-जी करून सुटका करावी लागते. एसएसएच मात्र टर्मिनलमधून झटकन होतं.

उत्तर: काका, त्या सर्व्हरवर झेडशेल (कमांड घेणारा प्रोग्रॅम) आणि रंगीबेरंगी प्रॉम्प्टची (कमांडच्या आधी दिसणाऱ्या मजकुराची) थीम कोणीतरी लावलीय ना? ट्रॅम्प आत शिरल्यावर प्रॉम्प्टची वाट बघतं, ओळ डॉलर, हॅश, टक्का किंवा मोठ्यापेक्षा अशा चिन्हाने संपली की त्याला कळतं की आलो. बाणबिण आणि गिटच्या फांदीचं नाव मिरवणारा प्रॉम्प्ट त्याला ओळखूच येत नाही. ट्रॅम्प टर्म व्हेरिएबल डम्ब ठेवतं, तेव्हा झेडशेलच्या आरसी फाइलीत अगदी वर एक अट घाला, टर्म डम्ब असेल तर झेडएलई (झेडशेलची ओळ संपादनाची सोय) बंद, पीएस१ मध्ये, म्हणजे प्रॉम्प्टमध्ये, फक्त डॉलर आणि एक स्पेस, आणि तिथूनच रिटर्न. थीमची ओळ त्याच्या खाली यायला हवी.

नंतरही संथ वाटलं तर बहुतेक व्हीसी हा इमॅक्सचा आवृत्त्या सांभाळणारा भाग प्रत्येक फाइलीमागे गिट आहे का हे तिकडे विचारत बसतो, व्हीसी-इग्नोर-डिर-रेगएक्सपीमध्ये ट्रॅम्पच्या फाइली घाला. तुम्हाला तर रूटच्या फाइलींसाठी सुडोएडिटही नको, एसएसएचच्या पुढे उभी रेघ देऊन सुडोची उडी मारता येते, ही सोय व्हीएस कोडवाल्यांना दाखवून जरा मिरवून घ्या.

प्रश्न (लातूरहून एक वाचक): विनएससीपी या फाइल पाठवायच्या प्रोग्रॅममधून फाइल नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडून सेव्ह केली, तर साइटवरची सगळी मराठी प्रश्नचिन्हं झाली. आणि एक स्क्रिप्ट चालेना, बॅड इंटरप्रिटर म्हणतं.

उत्तर: दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात फाइल यूटीएफ-८ ऐवजी एएनएसआय या जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह झाली, आणि एएनएसआयमध्ये देवनागरीला जागाच नाही म्हणून प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह झालं. हे उलटं फिरवता येत नाही, मूळ अक्षरं गेलीच, बॅकअपमधून आणा. पुढे एन्कोडिंगच्या मेनूत यूटीएफ-८ ठेवा, बीओएमवालं (फाइलीच्या सुरुवातीला न दिसणारी खूण ठेवणारं) नको, पीएचपी फाइलीत बीओएम सगळ्यात आधी छापला जातो आणि मग हेडर्स ऑलरेडी सेंटचा त्रास सुरू.

दुसऱ्यात ओळींचे शेवट विंडोजच्या पद्धतीचे झालेत, तिथे प्रत्येक ओळीमागे एक जादा न दिसणारं अक्षर असतं आणि लिनक्स ते इंटरप्रिटरच्या नावाचाच भाग समजतो. नोटपॅड प्लस प्लसमध्ये एडिटखाली ईओएल कन्व्हर्जन आहे, त्यात युनिक्स निवडून पुन्हा सेव्ह करा. आणि विनएससीपीच्या ट्रान्सफर सेटिंगमध्ये टेक्स्ट मोड असेल तर तो बायनरी करा.