खंडोबाच्या गोष्टीला काय म्हणावे?

प्रिय बाळास अनेक आशीर्वाद.

शाळेत ग्रीक देवांचा पाठ चालू असताना तू खंडोबाची गोष्ट सांगितलीस आणि बाईंनी तीही ‘मिथॉलॉजी’च्या रकान्यात लिहिली. आपल्या गोष्टी खोट्या आहेत का आणि मराठीत त्यांना काय म्हणतात, असे तू त्या रात्री विचारलेस. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

समीक्षक ‘मिथक’ म्हणतात, पण आजीच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नाही. घरात आणि देवळात जे शब्द रुळले आहेत, त्यांतून मुख्यतः कथा कोण सांगते, कुठे आणि कशासाठी, हे कळते. खंडोबाचेच पाहा. मणी आणि मल्ल या दैत्यांनी ऋषींना छळले, तेव्हा शंकराने मार्तंडभैरवाचे रूप घेऊन त्यांचा वध केला, ही कथा ‘मल्हारी माहात्म्य’ या संस्कृत ग्रंथात आहे. एखाद्या देवाची किंवा क्षेत्राची थोरवी गाणाऱ्या अशा ग्रंथाला माहात्म्य म्हणतात आणि त्यातल्या कथेला पुराणकथा. पण जागरणात वाघ्या-मुरळी जे गातात, किंवा धनगर ओव्यांतून जे सांगतात, त्यातला खंडोबा फार वेगळा असतो. तो बाणाईवर भाळून तिच्या घरी चाकर म्हणून राहतो, मेंढ्या राखतो आणि तिला घेऊन जेजुरीला परततो, तेव्हा थोरली म्हाळसा संतापते. ही लोककथा. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची, त्यामुळे त्या दोघींच्या भांडणात दोन समाजांचे एका देवाशी असलेले नाते बोलते, असे मला वाटते. जेजुरीचा गड चढताना बाणाईचे देऊळ वाटेतच लागते. ग्रंथातल्या देवापेक्षा हा मेंढ्या राखणारा देव मला अधिक जवळचा वाटतो.

ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली, ही मात्र आख्यायिका, कारण ज्ञानेश्वर ही इतिहासातली व्यक्ती आहे आणि गोष्ट तिच्याभोवती वाढली आहे. लेखी आधार नसलेली, तोंडोतोंडी चालत आलेली गोष्ट म्हणजे दंतकथा. श्रावणात व्रताच्या दिवशी, हातात अक्षता घेऊन ‘आटपाट नगर होते’ म्हणून ऐकायची ती कहाणी. ती ‘सुफळ संपूर्ण’ झाल्यावरच उठायचे असते. ज्या गोष्टीतून काहीच निष्पन्न होत नाही, तिच्यासाठी भाकडकथा हा शब्दही आपल्याकडे आहेच (भाकड म्हणजे दूध न देणारी गाय), तेव्हा मराठी माणूस ऐकलेले सगळेच खरे मानतो, असे समजू नकोस.

आता पहिला प्रश्न. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला आपण वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य दाखवतो, तळी उचलून ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणतो आणि भंडारा उधळतो (इथे गालिचा वाचवण्यासाठी तो नुसता कपाळाला लावतो). चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे कित्येक घरांत त्याच दिवशी पुन्हा ताटात येते. याला कुळाचार म्हणतात. तो पाळणाऱ्या तुझ्या आजोबांनी मणी-मल्ल खरोखर होऊन गेले का, याची चौकशी कधी केली नाही आणि तरीही त्यांनी एकही चंपाषष्ठी चुकवली नाही. त्यांच्यापुढे कथेचा खरेखोटेपणा हा प्रश्नच नव्हता. आपल्या कुळाचा देव कोण आणि त्याचे आपण काय लागतो, हे त्यांना त्या कथेतून कळत होते. तुला तो प्रश्न पडतो, हे चांगलेच आहे. दैत्य होते असा पुरावा नाही, असे तू वर्गात खुशाल सांग.

बाईंचा शब्दही चुकीचा नाही. ग्रीकांच्या कथाही कधीकाळी कोणाच्या तरी पूजेतल्याच होत्या. फक्त तुझ्या वहीत त्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आख आणि मणी-मल्लाची कथा ग्रंथात आहे, बाणाईची जागरणात गातात, हे त्यात लिही.

तुझा,
बाबा